वर्गाची पट्टी आणि प्रत्येकाचा गळा

नौपाड्यात काय, वाशीत काय, संध्याकाळच्या गाण्याच्या वर्गात सतरंजीवर दहा-बारा मुलं बसलेली असतात आणि प्रत्येकापुढे वही. ही वही तशी अलीकडची. गायक विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले ते गुरुगृही राहून. कुणाला शिकवायचं आणि किती, हे तिथे बुवांच्या मर्जीवर.

पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तकं. १९०८ मध्ये ते मुंबईत आले. पुढे कर्जापायी इथली इमारत गेली, तरी शिष्य गावोगावी शिकवत राहिले. १९३१ मध्ये पलुस्कर वारले आणि त्याच वर्षी अहमदाबादला शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. मंडळाची आज वाशीत वास्तू आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही परीक्षांची शिडी मंडळाचीच.

वहीमुळे घराण्याबाहेरच्या मुलांना दार उघडलं, पण वहीत स्वर लिहिण्याच्या लिपी दोन. संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांच्या पद्धतीत मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली बिंदू आणि तार (वरच्या सप्तकातल्या) स्वरावर बिंदू. पलुस्कर पद्धतीत मात्र वरचा बिंदू मंद्राचा, तारेसाठी उभी रेघ. पुस्तक बदललं की मंद्र निषाद (नी) थेट तार सप्तकात जातो! पहिल्याच पानावर खुणा लिहून घ्याव्यात.

खरी अडचण पट्टीची, म्हणजे ‘सा’ किती उंच धरायचा याची. दहाजण एकत्र बसले म्हणून फी परवडते, आणि एकत्र बसले म्हणून पट्टीही एकच, बहुधा काळी चार, म्हणजे पेटीच्या (हार्मोनियमच्या) सप्तकातली चौथी काळी पट्टी. मुलींना ती सोसते. आवाज फुटलेल्या तेरा-चौदाच्या मुलाचा षड्ज (सा) काळी एकवर उतरलेला असतो. वर्गाचा ‘सा’ म्हणजे त्याचा पंचम (प). तार षड्जाला तो ओरडतो, नाहीतर गुपचूप खालच्या सप्तकात गातो, आणि वर्षभरात वर्ग सोडतो. त्याला बेसूर ठरवणं हा सरळ अन्याय. अशा मुलांची काळी एकवर वेगळी अर्ध्या तासाची तुकडी करावी; शिक्षकाचा वेळ वाढतो, त्याला इलाज नाही.

पेटीवर मात्र अख्खा वर्ग रेलू देऊ नये. तिने प्रत्येक स्वर हातात दिला की मूल शोधत नाही. आधी नुसत्या तानपुऱ्यावर षड्ज लावून घ्यावा, पेटी नंतर. मोबाइलचा तानपुरा चालेल, पण त्याच्या बारक्या स्पीकरमधून खरज (खालचा सा) नीट ऐकू येत नाही. बाहेरचा स्पीकर जोडावाच.