डेहराडूनची ‘ती’ शाळा नेमकी कोणती? डून स्कूल आणि आरआयएमसी

नात्यातला मुलगा डेहराडूनला शिकायला गेला असं कळलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मग पुढं मिलिटरीत ना?” प्रश्न अगदीच अस्थानी नाही. त्या गावात १९३२ पासून इंडियन मिलिटरी अकॅडमी आहे आणि तिच्याही दहा वर्षं आधीपासून आरआयएमसी, म्हणजे राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज. पण मुलगा डून स्कूलमध्ये असेल, तर सैन्याशी त्याचा संबंध साताऱ्या-सांगलीतल्या कुठल्याही शाळकरी मुलाइतकाच. डून ही खासगी शाळा आहे.

घोटाळा होतो तो वरवरच्या साम्यामुळे. दोन्ही निवासी, दोन्हीकडे मुलं बाराव्या वर्षाच्या आसपास दाखल होतात, सकाळी पीटी, संध्याकाळी मैदान, आणि दोन्हींचा साचा इंग्लंडमधल्या जुन्या पब्लिक स्कूलचा, म्हणजे नावात ‘पब्लिक’ असलेल्या तिथल्या खासगी निवासी शाळांचा. त्यातून आरआयएमसीच्या नावात ‘कॉलेज’. प्रत्यक्षात तीही आठवी ते बारावीची शाळाच.

आरआयएमसीचा जन्म एका अडचणीतून झाला. पहिल्या महायुद्धानंतर भारतीय तरुणांना अधिकारी होण्यासाठी सँडहर्स्ट या इंग्लंडमधल्या लष्करी अकॅडमीचा दरवाजा किलकिला झाला, पण इथल्या शिक्षणातून थेट तिथं गेलेल्यांचा टिकाव लागणं अवघड होतं. तेव्हा तयारी लहानपणापासूनच करून घ्यायची, असं ठरलं. १३ मार्च १९२२ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते संस्थेचं उद्घाटन झालं आणि सुरुवातीला तिला नावही त्याचंच होतं. पुढं सरसेनापती झालेले थिमय्या इथलेच, पहिलं परमवीरचक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्माही इथलेच. पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झालेले असगर खान आणि नूर खानही याच शाळेत घडले, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

डून स्कूलची गोष्ट वेगळी, आणि मला ती जास्त गुंतागुंतीची वाटते. सतीश रंजन दास हे कोलकात्याचे बॅरिस्टर, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य. इंग्रजी पब्लिक स्कूलची शिस्त हवी, पण शाळा भारतीय मुलांची आणि जातिधर्माचा भेद न मानणारी हवी, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी ते संस्थानिक आणि उद्योगपतींकडे निधी मागत फिरले. १९२८ मध्ये ते वारले आणि शाळा उघडली १९३५ मध्ये, वन संशोधन संस्थेच्या जुन्या चांदबाग आवारात. पहिले हेडमास्तर आर्थर फूट थेट ईटन या इंग्लंडमधल्या नामवंत शाळेतून आलेले. इथून बाहेर पडणारा वर्ग श्रीमंतीनं नव्हे तर सेवेनं मोठा असावा, असं ते म्हणत. श्रीमंतांच्या मुलांसमोर हे बोलणं सोपं. ते कितपत उतरलं याबद्दल मतं वेगवेगळी असू शकतात.

पैसा कुठून आला हे डूनच्या जुन्या चार हाउसच्या, म्हणजे मुलांच्या वसतिगृहांच्या, नावांतच दिसतं: हैदराबाद, काश्मीर, जयपूर, टाटा. तीन संस्थानं आणि एक मुंबईचं उद्योगघराणं. आरआयएमसीत हाउसऐवजी सेक्शन असतात: प्रताप, रणजित, शिवाजी, चंद्रगुप्त. एकीकडे देणगीदार, दुसरीकडे लढवय्ये. फरक याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

परंपरांमध्ये डूनचं वेगळेपण डोंगरात आहे. सत्राच्या मध्यावर ‘मिडटर्म’ला मुलं पाठीवर सामान टाकून हिमालयात भटकायला जातात, वरच्या वर्गांतली तर मास्तरांशिवाय. हे वेड लावलं होल्ड्सवर्थ, मार्टिन, गिब्सन या शिक्षकांनी. याच शाळेचे शिक्षक गुरदयाल सिंग यांनी १९५१ मध्ये त्रिशूल शिखर गाठलं आणि भारतीयांच्या गिर्यारोहणाची खरी सुरुवात तिथून मानली जाते. सह्याद्रीत भटकणाऱ्या मराठी मंडळींनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही. शिवाय मुलांनीच चालवलेलं साप्ताहिक १९३६ पासून आहे. कादंबरीकार विक्रम सेठ त्याचे एकेकाळचे संपादक. ‘जन गण मन’ इथं शाळागीत म्हणून गायलं जाई, तेही राष्ट्रगीत होण्याच्या कितीतरी आधी.

दोन्ही वाटा एका माणसात येऊन मिळतात. डूनचे जॅक गिब्सन १९४९ मध्ये डेहराडूनच्या जॉइंट सर्व्हिसेस विंगचे, म्हणजे तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांना एकत्र शिकवणाऱ्या संस्थेचे, प्राचार्य झाले. तीच संस्था पुढं पुण्याजवळ खडकवासल्याला आली, आपली एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. आरआयएमसीतल्या मुलांचं पहिलं लक्ष्य आजही तेच असतं.

पालकांच्या दृष्टीनं फरक सरळ आहे. आरआयएमसीला राज्यवार जागा असतात, लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि महाराष्ट्रातल्या मुलांसाठी ती पुण्यातली राज्य परीक्षा परिषद घेते. वय साधारण साडेअकरा ते तेरा. त्यानंतर मुलाखत आणि लष्करी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी. डूनची प्रवेशपरीक्षा शाळा स्वतः घेते, प्रवेश सातवी किंवा आठवीला, आणि फी वर्षाला दहा लाखांच्या वर. शिष्यवृत्त्या आहेत, पण त्याही स्पर्धेनंच मिळतात. साताऱ्याची सैनिक स्कूल (१९६१) या दोन्हींहून निराळी, पण तिचं नातं आरआयएमसीच्या बाजूचं.

आणखी एक गोष्ट २०२२ पासून बदलली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आरआयएमसीनं मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. डून स्कूल मात्र अजूनही फक्त मुलांचीच आहे.