दारं, दोर आणि विहीर : रोमँटिक कॉमेडीतल्या जागेची पार्श्वभूमी

रोमँटिक कॉमेडीची पटकथा लिहायला बसलं की पहिल्याच पानावर शहर येतं. पूल, पाऊस, गच्चीवरून दिसणारे दिवे. हेच प्रसंग उचलून दुसऱ्या शहरात नेले आणि काहीच बिघडलं नाही, तर समजावं की मागे नुसता रंगवलेला पडदा होता. या प्रकारात ज्या जागा लक्षात राहिल्या, त्यांनी दोघांना एक तर अडवलं, नाहीतर अडकवलं.

ही युक्ती फार जुनी आहे. ग्रीक नाटककार मिनँडर याचं ‘डिस्कोलस’ इ.स.पू. 316 मध्ये रंगभूमीवर आलं. नावाचा अर्थ साधारण ‘तिरसट म्हातारा’. सुरुवातीलाच पॅन देव येऊन प्रेक्षकांना सांगतो, हे अॅटिकातलं (अथेन्सभोवतालच्या मुलखातलं) फिली गाव समजा. इथले लोक खडकातून पीक काढतात. मधे देवाचं ठाणं, एका बाजूला तिरसट क्नेमॉनचं घर, दुसऱ्या बाजूला त्याला सोडून गेलेल्या बायकोचं. क्नेमॉन माणूसघाणा, दारात कुणाला उभं करत नाही. मग त्याच्या मुलीशी नायकाची गाठ पडणार कशी? म्हातारी दासी बादली विहिरीत पाडते, म्हणून मुलीला पाण्यासाठी बाहेर यावं लागतं. पुढे बादली काढायच्या खटपटीत कुदळही आत जाते आणि तिच्यामागे खुद्द म्हातारा. त्याचा सावत्र मुलगा विहिरीत उतरतो, वर दोर नायकाच्या हातात. हा गडी दोर धरून मुलीकडेच बघत राहतो आणि होऊ घातलेला सासरा पुन्हा पाण्यात जायचा थोडक्यात वाचतो. विहीर काढली तर नाटकच उरत नाही.

शेक्सपिअरने प्रेमिकांना शहराबाहेर रानात पाठवलं, तिथे गोंधळ घालू दिला आणि मग परत आणलं. नॉर्थ्रॉप फ्राय या समीक्षकाने या रानाला ‘हिरवं जग’ म्हटलं. पटकथेच्या शिकवण्यांमध्ये हा शब्द इतका फिरलाय की आता त्याची पानं गळायला आलीत, पण जा-ये करण्याची ती चाल अजून चालते.

सिनेमात जागा शिरली ती मात्र हिशेबाच्या वहीतून. 1910च्या दशकात अमेरिकन निर्माते टॉमस इन्स यांच्या स्टुडिओत तपशीलवार चित्रीकरण-संहिता वापरात आल्या. एका ठिकाणचे सगळे प्रसंग एकदमच उरकता यावेत, हा त्यामागचा एक मोठा हेतू. प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर आजही आपण आत की बाहेर, कुठे, दिवस की रात्र हे लिहितो, ते याच व्यवस्थेचं वळण. त्या ओळीत फक्त पत्ता असतो. तिथे पात्रांची काय पंचाईत होते, ते खाली लिहावं लागतं.

पटकथाकार रॉबर्ट रिस्किन यांनी ते लिहिलं. 1934 च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये मायामीहून न्यूयॉर्कला निघालेली श्रीमंत मुलगी आणि बेकार बातमीदार बसमध्ये एका बाकावर येतात, रात्री एका खोलीत. मधे दोरीवर टाकलेली चादर. त्याच वर्षाच्या मध्यापासून पडद्यावर काय दाखवायचं नाही ते ठरवणारी हॉलिवूडची नीतिसंहिता सक्तीने लागू झाली आणि असल्या चादरींचा भाव वधारला.

दोन काळांचा फरक बघायचा तर एकच गोष्ट दोन शहरांत बघावी. मिक्लोश लास्लो यांच्या हंगेरियन नाटकावरून एर्न्स्ट लुबिच यांनी 1940 मध्ये ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ केला. बुडापेस्ट अख्खं स्टुडिओत उभं केलेलं. तरी शहर खरं वाटतं, कारण नोकर रोज सकाळी दुकानाबाहेर मालकाची वाट बघत उभे राहतात. त्यांतल्या दोघांना, नायक-नायिकेला, एकमेकांचं तोंड बघवत नाही, पण नोकरी सोडायची सोय नाही, म्हणून एकाच गल्ल्यामागे दिवस काढायचे. एकमेकांना निनावी पत्रं लिहिणारे आपणच, हे त्यांना ठाऊक नाही. 1998 मध्ये नोरा आणि डेलिया एफ्रन यांनी हीच गोष्ट ‘यूव्ह गॉट मेल’साठी न्यूयॉर्कच्या अप्पर वेस्ट साइडला आणली. पत्रांच्या जागी ईमेल आले, हे सगळेच सांगतात. मला मोठा बदल वेगळा वाटतो. आता नायिकेचं स्वतःचं पुस्तकांचं दुकान आहे आणि नायकाचं अवाढव्य दुकान ते गिळणार आहे. एकाच मालकाखाली अडकलेल्यांची गोष्ट एकाच पेठेतल्या स्पर्धकांची झाली. दुकान शेवटी बंद पडतंच, प्रेम त्याला वाचवत नाही.

खऱ्या शहरात जाऊन चित्रीकरण करण्यामागे बऱ्याचदा पैसाच असतो. युद्धानंतर हॉलिवूडची इटलीतली कमाई तिथेच अडकून पडली होती. ती तिथेच खर्च करणं सोयीचं होतं. विल्यम वायलर यांचा ‘रोमन हॉलिडे’ (1953) पूर्णपणे रोममध्ये झाला. त्यात दगडी ‘सत्याचं मुख’ येतं, खोटं बोलणाऱ्याचा हात चावणारं. राजकन्या आपण कोण ते लपवतेय, बातमीदार आपला धंदा लपवतोय आणि दोघांनाही त्या तोंडात हात घालायचाय. जो प्रश्न ती दोघं एकमेकांना विचारत नाहीत, तो भिंतीवरचा दगड विचारतो. (गंमत म्हणजे कथेचा लेखकही लपलेलाच होता. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडने ज्यांना काम नाकारलं, त्यांच्या काळ्या यादीत असल्यामुळे डाल्टन ट्रंबो यांच्याऐवजी पडद्यावर दुसऱ्याचं नाव लागलं.)

पुढे हिशेब उलटा फिरला आणि गोष्ट एका शहरातली, चित्रीकरण दुसऱ्याच शहरात, हे नेहमीचं झालं. 2002 चा ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ शिकागोत घडतो, पण बराचसा चित्रित झाला टोरोंटोत. फारसं कुणाचं अडलं नाही, कारण निया वार्दालोस यांनी शहराची उंच क्षितिजरेषा लिहिलीच नव्हती. त्यांनी लिहिलं होतं वडिलांचं रेस्टॉरंट आणि गॅरेजच्या दारावर ग्रीक झेंडा रंगवलेलं घर. मुलगी या दोन्हींतून सुटायला सबंध सिनेमाभर धडपडते. लग्नात वडील भेट म्हणून घर देतात. त्यांच्या घराला लागूनच.