टाकी मोठी, जोर तेवढाच

मे महिन्यात एका सकाळी फोंड्याच्या आमच्या घरातला पंप नुसताच घरघरू लागला. मोटर फिरत होती, पाणी मात्र येत नव्हतं. विहिरीत डोकावलं तर तळाला पाणी चकाकताना दिसत होतं, म्हणजे बांय आटलेली नव्हती. शेजारचे काका कुंपणापलीकडून म्हणाले, "अर्ध्या एचपीचा पंप रे तुझा, त्यात कसला दम? दीडचा घे, खसकन ओढील बघ." घेतला. नवी मोटर दुप्पट आवाजात घरघरली आणि पाणी होतं तिथेच राहिलं.

दोष मोटरचा नव्हता, काकांच्या 'ओढील' या शब्दाचा होता. पंप पाणी ओढत नाही. तो फक्त पाइपातला दाब कमी करतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरची हवा कायम दाब देत असते. पाइपात दाब उतरला की हीच हवा पाण्याला पाइपातून वर ढकलते. म्हणजे काम हवेचं, आणि तिची ताकद ठरलेली आहे. समुद्रसपाटीला ती पाण्याचा फार तर १०.३ मीटर उंचीचा स्तंभ पेलते. त्यातूनही पाइपातलं घर्षण, वाकणं, पायझडप (पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) यांत थोडा दाब खर्ची पडतो. म्हणून प्रत्यक्षात पंपापासून सात-साडेसात मीटर खोलवर पाणी असेल तोवरच वर बसवलेला पंप नीट चालतो. पावसाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी हाताला लागेल इतकं वर असतं, मे महिन्यात ते तीस फूट खाली जातं. मोटर मोठी केल्यानं हवेचा दाब वाढत नाही. उलट मोठा पंप जास्त वेगानं पाणी मागतो, मग घर्षणही वाढतं.

ही अडचण चारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या पंपवाल्यांनाही आली होती. साधारण दहा मीटरच्या वर पाणी चढत नाही, हे गॅलिलिओनं १६३८ च्या आपल्या ग्रंथात नोंदवलं, पण कारण देताना तो फसला. ताणलेली दोरी जशी स्वतःच्या वजनानं तुटते, तसा पाण्याचा स्तंभ तुटत असावा, असं त्याला वाटलं. पुढे त्याचा मदतनीस तोरिचेल्ली यानं पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, आणि तो नळीत ७६ सेंटिमीटरवर थांबला. ७६ ला १३.६ नं गुणा, तेच दहा मीटर आणि थोडे येतात.

गॅलिलिओही जिथे चुकला तिथे आमच्या काकांना काय बोलणार! शेवटी पाण्यात बुडवून ठेवायचा पंप आणला. तो खालून वर ढकलतो, त्यामुळे त्याला ही मर्यादा लागू नाही. आजीच्या राहाटालाही नव्हती. तिची कळशी खरोखरच ओढली जायची.

दुसरा गैरसमज घराच्या माथ्यावर असतो. शॉवरला जोर नाही म्हणून लोक पाचशे लिटरची टाकी काढून हजाराची बसवतात. टाकीत जास्त पाणी, म्हणजे वजन जास्त, म्हणजे जोर जास्त, असा हिशेब. पण नळाच्या तोंडाशी मिळणारा दाब फक्त पाण्याच्या पातळीच्या उंचीवर ठरतो. नळापासून पाण्याची पातळी दहा मीटर वर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. मग वर लोटाभर पाणी असो की तळं. कौलारू घराशेजारच्या चिऱ्याच्या चौथऱ्यावर टाकी असते, शॉवर तिच्यापेक्षा जेमतेम दीड मीटर खाली. हाती येतो दहा मीटरवाल्याच्या सातव्या हिश्शाइतका दाब. त्यापेक्षा पाचशेचीच टाकी दोन मीटर उंच करा. चौथरा मजबूत बांधून, अर्थात. हजार लिटर म्हणजे एक टन वजन, हे टाकी बदलणारे विसरतात.

याचंच भावंड म्हणजे 'पाइप बारीक घेतला की पाणी जोरात येतं'. बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, त्यावरून हे डोक्यात बसलेलं असतं. धार लांब जाते खरी, पण एक बादली अंगठ्याशिवाय आणि एक अंगठा दाबून भरून बघा. दुसरीला जास्त वेळ लागेल. अंगठ्यानं तोंड बारीक होतं, मागचा पाइप रुंदच असतो. टाकीपासून नळापर्यंत सगळाच पाइप अर्ध्या इंचाचा घातला तर पाणी वाटभर भिंतींना घासत येतं आणि दम तिथेच संपतो. पाऊण इंचाच्या पाइपातून त्याच उंचीवर अडीच-तीन पट पाणी येतं. पाइपाची रुंदी दीडपटच वाढली, पण पाणी त्याहून कितीतरी जास्त वाढतं.

गिझरबद्दल थोडक्यात. खालच्या सुरक्षा झडपेतून पाणी ठिबकतं म्हणून ती बूच मारून बंद करणारे महाभाग मी पाहिले आहेत. पंचवीस लिटर पाणी २७ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापलं की सुमारे ४०० मिलिलिटरनं फुगतं. मागे जायची वाट एकदिशा झडपेनं बंद असेल तर ते जादा पाणी कुठेतरी जायलाच हवं. तापताना ठिबकणं हा बिघाड नाही. बूच मात्र धोक्याचं. गिझर थंड असतानाही दिवसभर गळत असेल, तर प्लंबरला बोलवा.

आता न्हाणी. मुंबईची आमची मंडळी चवथीला येतात, कितीतरी महिने बंद असलेलं घर उघडतात आणि दारातच नाकाला पदर लावतात. गटार तुंबलं, असं ठरतं. फिनेल ओतलं जातं, कधी ॲसिडही. (ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो.) तुंबलेलं काहीच नसतं, उलट मोरी गरजेपेक्षा जास्त मोकळी झालेली असते. जाळीखाली जो वाकलेला भाग असतो, ज्याला प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, तो केस आणि कचरा अडवण्यासाठी आहे, असं बहुतेकांना वाटतं. त्याचं खरं काम साधारण पाच सेंटिमीटर पाणी अडवून धरणं. ते पाणी म्हणजे गटाराच्या वाऱ्याला घातलेलं झाकण. अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनमधल्या घड्याळजीनं १७७५ मध्ये शौचकूपासाठी 'एस'च्या आकाराच्या अशाच वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. घर महिनोन्‌महिने बंद राहिलं की ते पाणी वाफ होऊन उडून जातं. मग वास आत येतो आणि मागोमाग झुरळंही.

राहतं घर असूनही वास येत असेल तर छपरावर जाणारा हवेचा पाइप बघा. तो फक्त घाण वारा बाहेर सोडण्यासाठी असतो, हाही अर्धवटच समज. वरच्या संडासातून पाणी धाडकन खाली उतरतं तेव्हा त्याच्यामागे पाइपात पोकळी होते आणि घरातली हवा वाकलेल्या भागातलं पाणी ढकलत नेते. न्हाणीत गुडगुड आवाज येतो तो याचाच. हवेचा पाइप मोकळा असेल तर हवा छपरावरून आत शिरते आणि झाकण जागच्या जागी राहतं. त्याच्या तोंडाला डासांची जाळी लावावी, पण पक्षी घरटं करून तो बुजवत नाहीत ना हेही पाहावं. आमच्याकडे एकदा बुजवला होता.

बंद घरासाठी उपाय सोपा आहे. यंदा विसर्जन झाल्यावर वहिनी सामान बांधत होत्या तेव्हा मी प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतलं आणि वरून दोन चमचे खोबरेल. तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरतो आणि वाफ होणं मंदावतं. वहिनींनी विचारलं, "भावजी, हा कसला विधी?"