लहान मुलांचा एक्झिमा (इसब) आणि घरची काळजी

एक्झिमा म्हणजे आपल्याकडचं जुनं इसब, डॉक्टर कागदावर अ‍ॅटोपिक डर्मटायटिस लिहितात. बऱ्याच मुलांना पहिल्या वर्षातच सुरू होतो, तान्ह्या बाळाला गालांवर, थोड्या मोठ्या पोरांना कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागे. संसर्गजन्य नाही, त्यामुळे शेजारच्या पोराला लागेल वगैरे काही नसतं. अनेकांच्या घरात दमा नाहीतर अ‍ॅलर्जीची सर्दी असतेच. त्वचेतलं फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन काही मुलांमध्ये जन्मतःच कमी असतं, म्हणून ओलावा टिकत नाही, कातडी कोरडी पडते, खाज सुटते, खाजवलं की अजून फाटते आणि मग अजून खाज.

घरचं मुख्य काम एकच, मॉइश्चरायझर, आणि तेही भरपूर. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २००७ च्या गाइडलाइनमध्ये मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम म्हटलंय, आणि आपण ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतो, मग म्हणतो क्रीमचा उपयोग होत नाही! आंघोळ कोमट पाण्याने ५ ते १० मिनिटं, पंच्याने घासायचं नाही, नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच क्रीम लावायचं. वास नसलेलं घ्यावं.

इथे आजी आणि मालिशवाल्या बाई दोघींशी पंगा होतो. डाळीच्या पिठाने घासणं, उटणं, पाण्यात अँटिसेप्टिक लिक्विड, शेगडीची धुरी हे सगळं बंद. मोहरीचं तेलही नको, खोबरेल त्यामानाने बरं पण क्रीमची जागा ते घेत नाही. लोकरीची कुंची थेट अंगावर नको, आत सुती झबलं हवंच. नखं कापलेली ठेवायची. अंडं, दूध, वांगं आपल्या मनाने बंद करू नये, त्याने पोराचं वजन घटतं, इसब तिथेच राहतो.

लाल चट्टे भडकले की डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड क्रीम लागतं आणि त्याला घाबरून अर्धवट लावलं तर आजार लांबतो. बोटाच्या शेवटच्या पेरावर काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या भागाला पुरते. घाबरायचं असेल तर मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेल्या स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि फंगसचं औषध एकत्र असलेल्या ट्यूबला घाबरावं, त्यातलं स्टेरॉइड बऱ्याचदा फार कडक असतं, मुलाच्या गालाची कातडी पातळ होते, आणि मुळात ते गजकर्ण असेल तर वरून दबतं पण आजूबाजूला पसरतं.

चट्ट्यातून लस यायला लागली, पिवळी खपली धरली तर जंतू शिरलेत, दाखवून घ्यावं. पण अचानक दुखरे, एकसारखे बारीक फोड आले आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी हॉस्पिटल, कारण तो नागिणीच्या जवळच्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो, म्हणूनच ओठावर फोड आलेल्या पाहुण्यांनी बाळाचे पापे घेऊ नयेत, कितीही राग आला तरी.