त्रिमूर्तीचा गाल आणि कोसाइन

परवा घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. घारापुरीची त्रिमूर्ती, आणि त्यातला मधला चेहरा हळूच डोळे उघडून आपल्याकडे बघतो! खाली हात जोडणाऱ्यांची रांग. एआयच्या ॲपची करामत, दुसरं काही नाही. पण सहाव्या शतकात कुणीतरी त्या पापण्या मिटलेल्याच कोरल्या होत्या. त्या उघडल्या म्हणजे मूर्ती जिवंत झाली का? फोटोतला दगड जिवंत करायची विद्या जुनी आहे, आणि तिला पापणीला हात लावावा लागत नाही.

मूर्तीसमोर उभं राहिलं की दोन डोळे आणि आपलं इकडेतिकडे सरकणं यांतून खोली कळते. फोटोत ही दोन्ही साधनं जातात. उरतो फक्त उजेड आणि सावली.

आता शाळेतला कोसाइन आठवा. पृष्ठभागावर उजेड लंब पडला तर उजळपणा पूर्ण, म्हणजे १. लंबापासून ६० अंश कलला तर निम्मा. लॅम्बर्ट या शास्त्रज्ञाने १७६० साली मांडलेला हा नियम, चकाकी नसलेल्या दगडाला बऱ्यापैकी लागू पडतो. गंमत पुढे आहे. समजा, गालाचा उतार १० अंशांनी बदलला. उजेड समोरून असेल तर उजळपणा १ वरून ०.९८५ होतो, फरक जेमतेम दीड टक्का, डोळ्याला कळतही नाही. तोच उजेड बाजूने घसटून येत असेल आणि कोन ७० वरून ८० अंशांवर गेला, तर उजळपणा ०.३४ वरून ०.१७ वर, म्हणजे थेट निम्म्यावर येतो. दगड तोच, वळणही तेच! कोसाइनचा आलेख माथ्यावर सपाट असतो आणि पुढे घसरगुंडीसारखा उतरतो, त्याचा हा प्रताप. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने मूर्तीची भाकरी होते ती म्हणूनच. त्रिमूर्ती दक्षिणेच्या भिंतीत, मुख्य दार उत्तरेला; मधल्या चेहऱ्यावर दाराचा उजेड समोरून येतो आणि साध्या फोटोत तो चेहरा चपटा दिसतो.

(‘सकाळी बाल, दुपारी तरुण, संध्याकाळी वृद्ध’ दिसणाऱ्या मूर्तींच्या कथाही याच खात्यातल्या. उजेडाचा कोन बदलला की गालावरच्या सावल्या बदलतात. चमत्कार मानायचाच तर कोसाइनला नारळ वाहा.)

फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीला, १८४० च्या दशकात, इंग्लंडमधल्या टॅल्बट या फोटोग्राफीच्या एका जनकाने पॅट्रोक्लस या ग्रीक कथेतल्या वीराच्या प्लास्टरच्या अर्धपुतळ्याचे पुन्हा पुन्हा फोटो काढले. त्याचा सल्ला आजही चालेल: ढगाळ दिवस निवडा, आणि ऊन असेल तर सावलीच्या बाजूला पांढरं कापड धरा.

पण फोटो काढून झाल्यावर काय? मेंदू उजळपणावरून उतार वाचतो. मग उजळपणा नंतर बदलला, तर वाचला जाणारा उतारही बदलेल! फिल्मवरचे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीत, डार्करूममध्ये, हेच चालायचं. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र; त्याखाली कागदावर वीस सेकंद प्रकाश पडतोय. तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती त्यातले पाच सेकंद डोळ्याच्या खोबणीवर हलवत धरायची. हे डॉजिंग. तिथे प्रकाश कमी पोचतो आणि छाप उजळ येते (कागदावर जितका जास्त प्रकाश तितका काळा रंग, इथे नवशिके हमखास चुकतात). उलट, भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून गालाच्या कडेवर थोडा जास्त प्रकाश ओतायचा, ते बर्निंग. कड काळवंडते आणि गाल मागे वळल्यासारखा दिसतो. हात मात्र सतत हलता हवा, नाहीतर पुठ्ठ्याची कडच छापली जाते. मला तर ही छिन्नी चालवणंच वाटतं.

याहून भारी युक्ती अनशार्प मास्कची. निगेटिव्हवरून एक फिकट, जराशी धूसर पॉझिटिव्ह (उलट्या छटांची प्रत) बनवायची आणि दोन्ही एकावर एक ठेवून छापायचं. धूसर प्रतीत बारकावे नसतात, फक्त ढोबळ छटा असतात. त्यामुळे ढोबळ छटांमधला फरक दबतो आणि बारकावे तसेच राहतात. मग जास्त कॉन्ट्रास्टच्या कागदावर छापलं की छिन्नीचे घाव उठून दिसतात. चित्र स्पष्ट करणाऱ्या युक्तीचं नाव ‘अस्पष्ट’ कसं, याचं उत्तर हे: अस्पष्ट असतो तो मास्क. फोटोशॉपमध्ये त्याचंच गणित होतं: मूळ चित्रातून धूसर प्रत वजा करा, उरलेला फरक काही पटीने (ही पट म्हणजे मात्रा) मूळ चित्रात मिळवा. धूसरपणाची त्रिज्या एक-दोन पिक्सेल ठेवली तर दगडाचा पोत उठतो. पन्नास-शंभर ठेवून मात्रा कमी केली तर ओठ, नाक, हनुवटी पुढे येतात. मात्रा वाढली की मूर्तीभोवती पांढरी कड उमटते, आणि इंटरनेटवरचे निम्मे मंदिर-फोटो असे बिघडलेले असतात.

२००१ साली टॉम माल्झबेंडर आणि एचपी या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या त्याच्या सहकाऱ्यांनी यापुढची पायरी गाठली. कॅमेरा स्थिर, दिवा दर वेळी वेगळ्या जागी, असे अनेक फोटो घ्यायचे. मग प्रत्येक पिक्सेलसाठी सहा सहगुणकांची एक द्विघाती बहुपदी, म्हणजे एक छोटं सूत्र, बसवायची. दिवा कुठे असला की तो ठिपका किती उजळेल, हे ती सांगते. मग पडद्यावर दिवा हवा तिथे फिरवा.

घरी करून बघायला गौरीचा मुखवटा पुरेल. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवा, खोली अंधारी करा आणि टॉर्च आधी समोरून, मग कानाच्या बाजूने धरा. शेवटी हनुवटीखालून धरा. उजेड वरूनच येतो असं मेंदू गृहीत धरतो, त्यामुळे चेहरा एकदम अनोळखी होतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा.