अमेरिकेतला मुक्काम वाढवायचाय? आधी आय-९४ची तारीख बघा

“व्हिसा दहा वर्षांचा आहे, मग मुदतवाढ कशाला?” मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलेले आई-बाबा हे हमखास विचारतात. व्हिसा दारापर्यंत नेतो. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसावर सहसा सहा महिने मिळतात.

ही नोंद सीबीपी या अमेरिकी सीमा सुरक्षा खात्याच्या वेबसाइटवर मिळते. सापडली नाही तर नाव तपासा. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात, ती दोन्ही टाकावी लागतात. तारीखही जपून वाचा: ०३/११ म्हणजे तिथे ११ मार्च, ३ नोव्हेंबर नव्हे! या एका गफलतीत आठ महिन्यांचा फरक पडतो.

मुदतवाढीसाठी यूएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याकडे आय-५३९ हा अर्ज करायचा. आय-९४ची तारीख उलटण्याआधी तो त्यांच्याकडे पोचायला हवा, नुसता पोस्टात टाकून चालत नाही. निदान ४५ दिवस आधी भरा असं तेच सुचवतात. १ एप्रिल २०२४ पासून फी ऑनलाइन ४२० आणि कागदी अर्जाला ४७० डॉलर आहे. भरताना चालू दर बघून घ्या. नवरा-बायको दोघांचा एकच अर्ज होतो. दुसऱ्यासाठी आय-५३९ए जोडायचा, त्याची वेगळी फी नाही. अर्ज करणारा कायदेशीरपणे आलेला हवा, त्याने व्हिसाच्या अटी मोडलेल्या नसाव्यात आणि पासपोर्ट पूर्ण वाढीव मुक्कामभर चालू असावा. एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने वाढवून मिळतात.

सोबत पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ च्या प्रती लागतात. पण खरा जीव पत्रात असतो. का थांबायचंय, हा मुक्काम तात्पुरता कसा, परत कधी आणि कसे जाणार, एवढं त्यात स्वच्छ लिहा. सुनेचं बाळंतपण लांबलं, गुडघ्याचं दुखणं उपटलं, काही ठिकाणं बघायची राहिली, अशी कारणं चालतात. आजारपण असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडा. ‘नातवंडाला सांभाळायला’ एवढंच लिहू नये असं माझं मत. आपल्याला ती माया वाटते, समोरच्याला ती बिनपगारी नोकरी वाटू शकते.

खर्च कोण करणार हेही दाखवावं लागतं: आपलं बँक स्टेटमेंट, किंवा मुलाने भरलेला आय-१३४ (आर्थिक आधाराचं घोषणापत्र) आणि त्याच्या पगाराचे कागद. परतीचं तिकीट असेल तर उत्तमच. भारतात परतण्याची ओढ दिसावी म्हणून पेन्शनचे कागद, घराची मालमत्ता कर पावती, सातबारा जोडतात. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर हवं. भाषांतर करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक व पूर्ण आहे’ असं लिहून सही करायची. नोटरीची सक्ती नाही. सातबाऱ्यातल्या ‘पोटखराब’ला (लागवडीला अयोग्य जमीन) इंग्रजी शब्द शोधताना मात्र घाम फुटतो.

अर्ज पोचला की आय-७९७सी ही पावती येते. वेळेत केलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंतचे दिवस बेकायदेशीर मुक्कामात धरत नाहीत. निकाल यायला कित्येकदा इतका वेळ लागतो की माणसं त्याआधीच घरी परततात. तसं चालतं, फक्त पावती जपून ठेवा, पुढच्या खेपेला विमानतळावर विचारू शकतात. नकार आला तर लगेच निघावं.

अर्जच न करता एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो. बेकायदेशीर मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला आणि मग देश सोडला तर तीन वर्षं, वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं प्रवेशबंदी.

पेन्शनरांनी आणखी एक बघावं. मुक्काम नोव्हेंबरात गेला तर हयातीच्या दाखल्याची सोय भारतीय वकिलातीतून करता येते. आणि प्रवास विमा जुन्या तारखेलाच संपतो, तोही वाढवून घ्या.