चर्च ते चर्च, पायी : वसईतल्या दोन छोट्या फेऱ्या

पायी चालायच्या आणि जिथून निघालो तिथेच परत येणाऱ्या दोन फेऱ्या आम्ही वसईत काढतो, एक चार तासांची आणि एक त्याहून लहान. वाटेत चर्च, क्रूस आणि वाड्या लागतात. नुसतं फिरायला येणाऱ्यांचंही मनापासून स्वागत आहे, पण ही मुळात भाविकांची चाल आहे आणि आम्ही ती तशीच ठेवली आहे. गाडीनं एका सकाळी आठ-दहा चर्च उरकता येतात. चालत गेलं की दारात पोचेपर्यंत मन शांत झालेलं असतं. ज्यांच्या घरात वारी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

निर्मळ–नंदाखाल फेरी

नवीन माणसानं हीच आधी करावी असं आम्हाला वाटतं. सकाळी साडेसहाला निर्मळच्या पवित्र क्रूस चर्चपासून निघायचं, नंदाखालच्या पवित्र आत्मा चर्चला जायचं आणि दुसऱ्या वाटेनं परत यायचं. चाल जेमतेम सात-आठ किलोमीटरची, सगळी सपाट. शक्य तिथे हमरस्ता सोडून आम्ही आळ्यांतून नेतो, कारण खरी वसई तिथेच भेटते. केळीच्या बागा, नारळी, विहिरी आणि बावखलं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात मुरतं, म्हणून समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड राहिल्या. आता बरीच बुजली आहेत. जी उरलीत त्यांच्या काठाशी आम्ही आवर्जून थांबतो.

वाटेतल्या पाच क्रुसांपाशी थांबून प्रत्येक ठिकाणी माळेचं, म्हणजे रोझरीच्या जपमाळेचं, एक रहस्य (जपाचा एक भाग) म्हणतो. एक ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ आणि दहा ‘नमो मरिया’. क्रुसाचा चौथरा जवळून पाहा : मेण ओघळून कडा गुळगुळीत झालेल्या, कोनाडा काजळीनं काळा, आणि पायाशी बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळचा हार. मे महिन्यात गावकरी संध्याकाळी क्रुसापाशी जमून प्रार्थना करतात, तेव्हा तर आळीच देऊळघर होते.

निर्मळला एका शंकराचार्यांचं समाधिमंदिरही आहे. कार्तिकातल्या तिथल्या जत्रेच्या दिवसांत गर्दीमुळे आम्ही ही फेरी ठेवत नाही.

किल्ल्यातली फेरी

ही लहान, दोन-अडीच तासांची. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकली. मधल्या दोनशे वर्षांतली चर्च तटाच्या आत भग्न उभी आहेत. फ्रान्सिस्कन या संन्यासी संघाच्या चर्चच्या जमिनीवर पोर्तुगीज अक्षरांचे थडग्यांचे दगड आहेत, तिथे जपून पावलं टाकावीत. इथल्या घंटा विजयानंतर महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा त्यांपैकीच, तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे.

जेझुइट या दुसऱ्या धर्मसंघाच्या जुन्या चर्चपाशी, म्हणजे आताच्या संत गोन्सालो गार्सिया चर्चपाशी, आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबतो. गोन्सालो हा वसईचाच मुलगा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला पंचवीस साथीदारांबरोबर त्याला क्रुसावर मारलं गेलं, आणि १८६२ साली तो संत जाहीर झाला. फेब्रुवारीत इथे सण असतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळात याच फेरीत आम्ही क्रूसवाटेची चौदा स्थानं करतो, म्हणजे येशूच्या क्रूसाकडे जाण्याच्या वाटेवरचे चौदा प्रसंग आठवत थांबून प्रार्थना करतो. पावसाळ्यात रान माजतं, दगड निसरडे होतात, म्हणून जून ते सप्टेंबर ही फेरी बंद.

येण्याआधी

चर्च चालती-बोलती आहेत, लग्न किंवा अंत्यविधी असेल तर आपण बाहेर थांबायचं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालू असताना फोटो नाहीत. ख्रिस्ती नसलात तर बाकावर निवांत बसा. फक्त कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत उभं राहू नका. कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे असावेत. पायात सवयीची चप्पल-बूट, डोक्याला टोपी, पाण्याची बाटली. गुडघेदुखी असेल तर आधी सांगा, किल्ल्याची फेरी आपल्या चालीनं करू.

एका गटात बाराजणच घेतो, त्याहून जास्त झाले की प्रार्थनेचा गलका होतो. नावं तीन दिवस आधी द्यावीत. परतल्यावर नारळपाणी आणि सुकेळी (वाळवलेली केळी) आमच्याकडून. मेणबत्त्याही आम्ही आणतो. फुलं मात्र आपल्या अंगणातली आणा, मूठभर पुरतात.